चौघांना एकच अक्षर

१९ जानेवारी, रविवार

ही वही म्हणजे शिक्षा आहे. शेहेचाळीस वर्षांच्या, कॉलेजच्या ऑफिसात अठरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला शिक्षा! पण राजलक्ष्मी मामींच्या लेखी मी अजून बावीसचीच आहे, तेव्हा बोलायची सोय नाही.

मामी गेली तीस वर्षं रामनवमीला पापनाशमजवळच्या एका खेड्यात राममंदिरात हरिकथा करतात. दोन तास एकटीनं उभं राहून गोष्ट सांगायची, मध्ये मध्ये गायचं, लोकांना हसवायचं, रडवायचं. यंदा त्यांचे गुडघे गेले आणि आवाजही बसला. पोंगल झाल्यावर त्यांचा फोन आला, "अखिला, या वर्षी सीताकल्याण तू करायचंस." मी म्हटलं, पाहू. "पाहू काय, पाहू? सिनेमा आहे का?" म्हणाल्या आणि फोन ठेवला. म्हणून आज पापनाशमला त्यांच्या घरी गेले. जिथं कथा शिकले त्या पुढच्या खोलीत चोवीस वर्षांनी पाय ठेवला.

माझी जुनी कथेची वही नेली होती. चिपळ्या हातात घेतल्या, साकी, म्हणजे कथेतलं जुनं मराठी पद, म्हणायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला मामींनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं होतं, "सीता मनी तीर धरी."

"तीर रामानं धरायचा गो! सीतेनं धीर धरायचा. दोघांनी तीर धरले तर लग्न लागायचं कसं?" मृदंगाला रमण होते. एवढे बँकेतले मॅनेजर, पण पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक माझी, पण माझ्या एकटीची नव्हे. आम्ही लोक तंजावरात तीनशे वर्षं घरात मराठी बोलतो आणि लिहितो तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. त, थ, द, ध यांनाही एकच. रोजच्या बोलण्यातला शब्द असला तर अडत नाही, जिभेला ठाऊक असतं. जुन्या साकीत आला की डोळा फसतो. मामी म्हणाल्या, सगळी कथा नागरीत उतरवून काढ, आणि हात बसेपर्यंत रोज एक पान लिही. काहीही लिही, आमटीत मीठ कमी पडलं तर तेही लिही. अक्षरं मला येतात, लहानपणी हिंदीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. आपली भाषा मात्र त्यांत कधी लिहिली नव्हती.

आज आमटीत मीठ बरोबर होतं.

२२ जानेवारी, बुधवार

मामींना नाही म्हणून सांगावं असं वाटतंय. दर रविवारी पापनाशमला जायचं तर अप्पांचं, माझ्या वडिलांचं, काय? एक्क्याऐंशी वय. त्यांना एकटं ठेवून मी कधी कुठं गेलेली नाही.

आजचंच बघा. ऑफिसातून आले तर घराला कुलूप! शेजारी विचारलं, कोणाला माहीत नाही. साडेसहाला स्वारी आली, हातात विड्याच्या पानांचं पुडकं. कुंभकोणमला जाऊन आले म्हणे, बसनं, एकटे. का, तर तिथली पानं कोवळी असतात. येताना पापनाशमला उतरून कॉफीही प्यायले. मी खूप रागावले. अशी पोरबुद्धी करतात म्हणूनच त्यांना एकटं सोडता येत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सुंदरचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, चेन्नईला असतो, बायको जननी आणि लेक साईप्रिया यांच्याबरोबर. नवीन फ्लॅट घेतलाय, तीन खोल्यांचा. म्हणाला, "अक्का, आता तुम्ही दोघं तिथं एकटे राहू नका. मी चार एप्रिलला गाडी घेऊन येतो, तू आणि अप्पा कायमचे इकडे या. तुला आता नोकरीची काय गरज? इथं आरामात बस. काही करायचं नाही. साईप्रियाला दोन वाजता शाळेतून आणायचं, तिला भरवायचं, आणि स्वयंपाक तर तू करतेसच." जननीचं ऑफिस आता लांब गेलंय, तिला घरी यायला आठ वाजतात. एवढ्या धावपळीत त्याला माझ्या आरामाचं सुचलं. लहानपणापासून मायाळू आहे.

चार एप्रिल. रामनवमी सहाला आहे.

मी म्हटलं, "अरे पण अम्माची चिठ्ठी?" तर म्हणाला, "अक्का, ते त्या काळचं." मला जरा लागलं. चोवीस वर्षं हाच मला त्या चिठ्ठीची आठवण करून द्यायचा. कुंभकोणमला बदली मिळत होती तेव्हा, एक स्थळ आलं होतं तेव्हाही.

चिठ्ठीचं लिहून ठेवते. अम्मा गेली तेव्हा मी बावीसची, सुंदर चौदाचा. शेवटचे चार दिवस तिच्या घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. तिनं खूण करून पेन मागितलं आणि औषधाच्या कागदामागं तीन शब्द लिहिले. मीच मोठ्यानं वाचले: घर सोडू नको. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी गेली. त्या महिन्यात माझी पहिली कथा उभी राहायची होती. मी मामींना निरोप पाठवला की जमणार नाही, आणि चिठ्ठी देवाच्या पेटीत ठेवली.

सुंदरलाही म्हटलं, पाहू.

९ फेब्रुवारी, रविवार

गेले. अप्पांसाठी सगळं झाकून ठेवून गेले, गॅसचं बटण तीनदा बघितलं.

बसमधून दोन्हीकडे कापणी चाललेली दिसत होती. आज मामींनी उभं राहून म्हणायला लावलं. जनकाच्या सभेत धनुष्य आणतात तो भाग. मी सुरू केलं आणि कशी कोण जाणे, अर्धा तास थांबलेच नाही. धनुष्य ओढणारी माणसं मला दिसत होती, त्यांचा घाम दिसत होता. शेवटी रमणनी मृदंगावर थाप मारली आणि मामी काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलत नाहीत म्हणजे काय, हे मला बाविसाव्या वर्षीही कळायचं.

खरं लिहायचं तर मला फार आनंद झाला. इतका, की परत येताना बसमध्ये मी दोन थांबे पुढं गेले.

घरी आले तर अप्पांनी कॉफीचे डबरा-टंब्लर धुऊन पालथे घातलेले, वांग्याची भाजी करून ठेवलेली. बिचारे, माझ्या नसण्यानं किती हाल झाले असतील. जेवताना मध्येच म्हणतात, "चेन्नईच्या समुद्रावर बसायला बाक आहेत का गो?" वय झालं की असं भलतंसलतं सुचतं. मी म्हटलं, जेवा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सरावाला अम्माची स्वयंपाकाची वही घेतली. तमिळ अक्षरांतली तिची मराठी नागरीत उतरवायची. डांगर पच्चडी: उडदाचं भाजलेलं पीठ, घट्ट दही, मिरची, "हिंग घाल". अम्मानं 'घाल' लिहिलंय ते 'काल'ही वाचता येतं आणि 'गाल'ही. शिवाय तमिळमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ पाय. जननी आमच्यातली नव्हे, तमिळ घरची. लग्नानंतर तिनं ही वही वाचली आणि घाबरून मला फोन केला होता, "अक्का, हिंगाचा पाय म्हणजे काय?" त्या वर्षी घरात कोणी जेवताना पाय मागितला की सगळे हसायचे.

लिहिताना एक कळलं. तमिळमध्ये लिहिताना हात धावतो, काही ठरवावं लागत नाही. वाचणारा आपलं आपण बघून घेतो. नागरीत प्रत्येक अक्षराला थांबायचं आणि ठरवायचं, चौघांपैकी कोण. हात दुखला. पण दोन पानं झाली.

अप्पांनी नवीन चपला आणल्या. जुन्या धडधाकट आहेत, तरी. विचारलं तर म्हणाले, वाळूत जुन्या टिकत नाहीत. तंजावरात वाळू कुठली?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

देवाची पेटी पुसायला काढली होती. चिठ्ठी हातात आली. म्हटलं, हीपण नागरीत उतरवून ठेवू, चांगल्या कागदावर, कागद पिवळा पडलाय.

पेन टेकवलं आणि हात अडला.

पहिला शब्द. क चं अक्षर, पुढं र, त्यावर ठिपका. मी घ लिहायला गेले. घ च का? सवयीनं. अम्मानं घ लिहिलेला नाही, तिच्याकडे घ नव्हताच. तिनं ते एकच चौघांचं अक्षर लिहिलंय. घर सोडू नको. कर, सोडू नको.

कर. सोडू नको.

गॅसवरचं दूध उतू गेलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अम्माच्या वहीत शोध घेतला. तमिळ पोथ्यांत छापतात तसा घ च्या जागी ती अक्षराच्या डोक्यावर बारीक चारचा आकडा घालायची, म्हणजे चौघांतला चौथा. पहिल्या दहा पानांत घालते, पुढं सोडून देते, मग एका लाडवापाशी पुन्हा घालते. म्हणजे पुरावा काही नाही. आणि घशात नळी असलेलं माणूस डोक्यावर चार घालत बसेल का?

अप्पांना विचारलं, "अम्मानं काय लिहिलं होतं?"

"तू वाचलंस ते."

"तुम्ही नाही वाचलं?"

"माझा चष्मा घरी राहिला होता."

चोवीस वर्षं! चष्मा घरी राहिला होता! मग म्हणाले, "तू वाचलंस तेव्हा तिनं मान हलवली की." हलवली. पण कशी? आमच्याकडे होलाही मान डावी-उजवी जाते आणि नाहीलाही जवळजवळ तशीच जाते. मी डोळे मिटून ती मान पुन्हा पुन्हा बघितली. आता ती मला हवी तशी हलते.

माझा संताप झालाय आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही. अम्मावर काढवत नाही. ही दोन वाक्यं एका कागदावर ठेवून बघा. एका वाक्यानं माझं आयुष्य झालं ते झालं. दुसऱ्यानं, कथा कर म्हणणाऱ्यानं, काय झालं असतं?

२३ फेब्रुवारी, रविवार

मामींना चिठ्ठी दाखवली. मला वाटलं होतं त्या जवळ घेतील, निदान हळहळतील. त्यांनी चष्मा लावून बघितली, परत दिली आणि म्हणाल्या, "बरं, मग?"

"मग काय, मामी! मी चुकीचं वाचलं! चोवीस वर्षं!"

"तुला आठवतं, तुझी पहिली कथा दोनदा पुढं ढकलली होती?"

"ताप आला होता मला."

"दोन्हीदा आदल्या दिवशी. दोन्हीदा मी येऊन हात लावून बघितलं होतं, अंग गार होतं. तुझी अम्मा तेव्हा धडधाकट होती." मग चिपळ्या माझ्यापुढं सरकवल्या. "त्या दिवशी तिनं नागरीत ठळक 'क' काढला असता तरी तू 'घ' च वाचलं असतंस, अखिला. चल, धनुष्य आण."

मी धनुष्यबिनुष्य काही आणलं नाही. उठले, चपला घातल्या आणि सरळ बसस्टँडवर गेले. इतकं क्रूर कोणी बोलतं का?

९ मार्च, रविवार

दोन आठवडे लिहिलं नाही. सराव नाही, पापनाशम नाही. रविवारी घरात बसले, कपाटं आवरली. सुंदरला फोन करून सांगितलं, आम्ही येतो बहुतेक. तो खूश झाला, जननीही फोनवर आली, साईप्रियाच्या शाळेचा रस्ता समजावून सांगितला.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं अम्मा माझ्याबद्दल म्हणायची. कारण मिळालं की मी बसते. आता कारण मिळालंय, सुंदर बोलावतोय. म्हणजे ज्यानं चिठ्ठी दाखवून घरात बसवलं तोच घर सोडायला सांगतोय आणि दोन्ही वेळा मी बरं म्हणतेय. हे लिहिल्यावर मला दिसलं. बोलताना दिसलं नव्हतं.

ताप नव्हता. इथं लिहून टाकते, नागरीत, अप्पांना वाचता येत नाही. दोन्हीदा ताप नव्हता. वाटायचं, सगळ्यांसमोर उभी राहीन आणि पुढचा शब्द आठवणार नाही. अम्मानं पहिल्यांदा कपाळाला हात लावला आणि कढी करून दिली. दुसऱ्यांदाही कढीच. तिला ठाऊक होतं. आणि मग ती आजारी पडली, चिठ्ठी आली, आणि मी वाचली घर. मला रडू आलं होतं, आणि त्या रडण्यात सुटल्यासारखंही वाटलं होतं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

मग तिनं काय लिहिलं होतं? आता वाटतं, मला ते कधीच कळणार नाही. आणि कळलं तरी सहा एप्रिलला उभं मलाच राहायचंय.

१६ मार्च, रविवार

गेले. दार मामींनीच उघडलं. वाटलं, आता ऐकवतील. म्हणाल्या, "कॉफी घेणार की आधी म्हणणार?" मी म्हटलं, आधी म्हणते.

चार तास. घसा बसलाय, पाय सुजलेत. सीतेनं धीर धरला.

३० मार्च, रविवार

पाडवा. कडुलिंबाच्या फुलांची पच्चडी केली. अप्पांनी दोनदा वाढून घेतली.

गावाची नोटीस आली. रमणनी फोनवर फोटो पाठवला. पिवळा कागद, वर राम, खाली मोठ्या अक्षरांत: "तंजावूर अखिला बाई, सीताकल्याणम्, सायंकाळी सहा." बाई! जुन्या कथेकरणींसारखं. मी तो फोटो मोठा करून करून बघितला, लाज वाटली आणि पुन्हा बघितला.

पण सुंदरला अजून सांगितलेलं नाही. तो शुक्रवारी येणार. ट्रंका बांधायला सांगितल्यात त्यानं. दोन्हीकडे मी होय म्हणून बसलेय. नुसती कथा करून सातला चेन्नईला जाता येईल की, असंही मनात आलं. पण तिकडं गेले तर पुन्हा कथा कुठली? साईप्रियाचे दोन, जननीचे आठ, आणि मध्ये माझा स्वयंपाक. मला एक कथा करून गप्प बसायचं नाहीय. मला दर वर्षी करायच्या आहेत, दहा करायच्या आहेत, म्हातारी होऊन आवाज बसेपर्यंत करायच्या आहेत. हे वाचून हसू येतंय, इतका हावरेपणा माझ्यात होता कुठं?

घोडं अडतं ते अप्पांपाशी. त्यांना तंजावर सोडवणार नाही. इथलं देऊळ, इथली मंडळी, इथली कॉफी. त्यांच्यासाठी मला थांबलंच पाहिजे, असंच सांगेन सुंदरला. ते त्याला पटेल.

२ एप्रिल, बुधवार

सांगितलं. संध्याकाळी फोन लावला, स्पीकरवर ठेवला, अप्पा समोर बसलेले.

"सुंदर, मी येत नाही."

"म्हणजे? अक्का, गाडी सांगितलीय मी."

"अप्पांना हे गाव सोडवणार नाही रे. या वयात झाड उपटून लावता येतं का? त्यांच्यासाठी मी इथंच..."

"कोण म्हणालं?" अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मला सोडवणार नाही असं कोण म्हणालं? सुंदर, मी येतोय. माझी ट्रंक बांधून झालीय."

तिकडं सुंदर म्हणतोय, "मग अक्का पण येऊ दे की. साईप्रियाला शाळेतून कोण आणणार?"

"मी आणीन. कुंभकोणमला जाऊन पानं आणतो, कोपऱ्यावरनं पोरगी आणायला काय झालं? भाजीभातही करीन. मिरची किती घालायची तेवढं जननीला सांगायला सांग." मग फोनकडे वाकून हळूच विचारलं, "समुद्र किती लांब आहे तुमच्याकडनं?"

फोन ठेवल्यावर मी रडले, आणि रडतारडता भांडलेही. "अप्पा, तुम्हाला जायचं होतं तर बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तुझ्या अम्मानं तुला घर सोडू नको सांगितलं, म्हणून तू सोडेनास. तू एकटी राहशील म्हणून मी सोडीना." ते चष्मा पुसत होते. "मला वाटायचं, तुला इथंच आवडतं."

मी त्यांना सांभाळत होते आणि ते मला. एकमेकांना असं सांभाळलं की दोघंही जागचे हललो नाही. मला त्यांचा राग आला, माझा आला, आणि मग अप्पांनी कॉफी केली. बरी झाली होती.

४ एप्रिल, शुक्रवार

सुंदर आला, तोंड एवढंसं करून. माझ्याशी धड बोलला नाही. जेवताना म्हणाला, "अक्का, तू आमच्याबरोबर असावंस असं मला खरंच वाटत होतं." मी म्हटलं, ठाऊक आहे. आणि तुला स्वयंपाकीणही हवी होती, तेही ठाऊक आहे. तो लाल झाला, मग हसला. चौदाचा होता तेव्हा असाच हसायचा. माझा त्याच्यावर राग राहिलेला नाही, पण हे बोलायला मला चोवीस वर्षं लागली.

अप्पा नव्या चपला घालून पुढच्या सीटवर बसले, पट्टा स्वतः लावला. काच खाली करून म्हणाले, "येतो गो." मी पाया पडायला वाकले तर गाडीचं दार मध्ये आलं. नमस्कार दारालाच झाला.

५ एप्रिल, शनिवार

घरात मी एकटी. सकाळी उठून कोणासाठी काय करायचं हे काही केल्या सुचेना. अकरा वाजेपर्यंत नुसती बसले होते. वाटलं, सुंदरला फोन करावा, परत फिर, मलाही ने. फोन हातात घेतलाही. मग तो ठेवला, चिपळ्या घेतल्या, आणि रिकाम्या घरात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी कथा म्हटली. ताप नाही, थर्मामीटर लावून बघितला.

७ एप्रिल, सोमवार

झाली. कशी झाली ते लिहिते, नाहीतर उद्या मी ती मनात आणखी चांगली करून टाकीन.

पापनाशमहून मिनीबसनं गेलो. मामी मागच्या सीटवर पाय लांब करून. भात निघालंय, आता उडीद आहे, रस्त्यावर पसरलेल्या उडदावरून बस करकरत गेली. देवळात पन्नास-साठ माणसं असतील, अर्ध्याहून जास्त बायका. मृदंगाला रमण. पहिली वीस मिनिटं मी एका जागची हलले नाही, पण आवाज टिकला. गोष्ट तमिळमध्ये, साक्या मराठीत, जसं मामी करतात तसंच. धनुष्याच्या जागी लोक पुढं सरकून बसले.

आणि मग, राम उठतो, धनुष्यापाशी जातो, तिथं माझं सगळं गेलं. पुसल्यासारखं. पुढची ओळ नाही, गोष्ट नाही, काही नाही. जे होईल म्हणून मी चोवीस वर्षं भ्यायले ते झालं. रमणनी दोन आवर्तनं वाजवून सांभाळलं, मग त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मामी मान खाली घालून बसलेल्या. मदत करणार नव्हत्या, मला माहीत होतं.

पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, पाय पसरून, कानात मोठी भोकं. ती वैतागून म्हणाली, "अप्पुरम?"

मग पुढं काय? नातवाला गोष्ट सांगताना आपण थांबलो की तो विचारतो तशी. रामायण तिला पाठ असणार, शंभरदा ऐकलं असणार. पण तिला ते आत्ता माझ्याकडून हवं होतं. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "पुढं काय आजी, रामानं ते उचललं. तुम्ही उखळ उचलता तसं." लोक हसले. पाठ केलेली ओळ आलीच नाही, मी माझ्या शब्दांत सांगत गेले, आणि मध्येच कुठंतरी साकी आपोआप येऊन मिळाली. सीतेचं लग्न लागलं. अक्षता उडाल्या. आठ वाजून गेले होते.

नंतर मामी एवढंच म्हणाल्या, "उखळ चांगलं होतं. ठेव ते." बाकी सगळं त्यांना बसमध्ये बोलायचंय, असं तोंडावर दिसत होतं.

प्रसाद वाटत होते तेव्हा शेजारच्या गावच्या देवळाचे त्यागराज पिळ्ळै पुढं आले. पुढच्या महिन्यातल्या चित्रा पौर्णिमेला त्यांच्याकडे उत्सव असतो. "अम्मा, आमच्याकडे येऊन कथा कराल का?" मी सवयीनं तोंड उघडलं, अप्पांना विचारून सांगते म्हणायला. पण विचारायला घरी कोण होतं?

म्हटलं, "येते."

तमिळमध्येही निरोप घेताना माणूस येते असंच म्हणतो, आपल्यासारखं. त्यांना वाटलं मी निघाले. हात जोडून म्हणाले, "बरं अम्मा, सावकाश जाऊन या," आणि वळलेच.

"तसं नव्हे!" मी ओरडले. माईक अजून चालूच होता, मला कुठं ठाऊक. "चित्रा पौर्णिमेला कथा करायला मी येते म्हणतेय! लिहून घ्या!"

सगळ्या गावानं ऐकलं.